परदेशातून सोलापुरात येऊन मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची असेल तर

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया टेबलावर पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, आणि नेमक्या याच कारणामुळे परदेशात राहणारी आपली माणसे तिच्यासाठी फार थोडी सुट्टी काढतात. मी मस्कतमधील एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवते. माहेर सोलापूरच्या साखर पेठेत आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया सोलापुरातच झाल्या आणि त्या उत्तम झाल्या. पण एकाच सुट्टीत व्हायच्या त्या दोन सुट्ट्यांत झाल्या, आणि मधले दहा महिने एक डोळा स्वच्छ व दुसरा उणे सहा नंबरचा अशा अवस्थेत मला वर्गात उभे राहावे लागले. डॉक्टरांची त्यात कोणतीही चूक नव्हती. चुकला होता तो माझा दिवसांचा हिशेब, आणि तो इतरांचा चुकू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुट्टी परतीच्या तारखेपासून उलटी मोजावी

कॅलेंडरवर सर्वांत आधी परतीच्या विमानाची तारीख लिहावी आणि तेथून मागे यावे. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे तीन तपासण्या होतात: पहिली दुसऱ्याच दिवशी, दुसरी आठवड्याच्या आत-बाहेर आणि तिसरी चार ते सहा आठवड्यांनी. पहिल्या दोन तपासण्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडेच व्हाव्यात, कारण जंतुसंसर्गासारखा गंभीर त्रास उद्भवलाच, तर तो बहुधा याच दिवसांत उद्भवतो. तिसऱ्या तपासणीत चष्म्याचा कायम नंबर निघतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतर घालायच्या स्टेरॉइडच्या थेंबांमुळे काही जणांच्या डोळ्यातील दाब वाढतो, तो वाढलेला नाही ना, हेही पाहिले जाते. पहिला डोळा झाल्यावर दुसरा साधारणपणे एक-दोन आठवड्यांनी करतात, आणि पहिल्याच्या आधी मोजमापे व रक्ततपासण्या यांसाठी चार-पाच दिवस लागतात. हे सारे एकत्र मांडले, तर दोन्ही डोळ्यांसाठी सात ते आठ आठवडे आणि एका डोळ्यासाठी पाच ते सहा आठवडे हाती असावेत.

एवढी रजा सर्वांना मिळत नाही, याची मला जाणीव आहे. तीनच आठवडे असतील, तर एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया करावी आणि ती आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच उरकावी. महिन्यानंतरच्या तपासणीसाठी तिकडच्या नेत्रतज्ज्ञांची वेळ मात्र इकडे निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावी. ‘शेवटच्या आठवड्यात करून टाकू आणि विमानात बसू’ हा विचार मनातून काढून टाकावा. घरचे लग्न, मुंज, वास्तुशांत आणि शस्त्रक्रिया हे सगळे एकाच सुट्टीत कोंबण्याचा मोह होतो, आणि त्यात बळी जातो तो तपासण्यांचाच.

ऋतूचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीसच्या पुढे जातो; शस्त्रक्रिया कोणत्याही ऋतूत करता येते, परंतु त्या उन्हात आणि धुळीत रोज ये-जा करणे, घामाने डोळ्यावरची चिकटपट्टी सुटणे, हे सोसण्यासारखे नसते. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांनी जानेवारीच्या मध्यावर येणारी गड्डा यात्रा लक्षात घ्यावी. सिद्धेश्वर महाराजांचे नंदीध्वज निघतात, बाराबंदी पोशाखातल्या मानकऱ्यांच्या मागे सारे शहर लोटते, होम मैदानावर धूळ उडते आणि शोभेचे दारूकाम होते. आपण सोलापूरकर वर्षभर या दिवसांची वाट पाहतो, पण नुकती शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने त्या गर्दीत शिरू नये. अक्षता सोहळा पाहायचाच असेल, तर शस्त्रक्रिया यात्रेनंतर ठेवावी. जून-जुलैचे दिवस मला स्वतःला सर्वांत सोयीचे वाटले, कारण तेव्हा ऊन उतरलेले असते आणि मस्कतमधील भारतीय शाळांनाही सुट्टी असते.

मोजमापाआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद कराव्यात

माझा हिशेब इथेच फसला. मी तीस वर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होते आणि मुंबईच्या विमानातसुद्धा त्या डोळ्यात होत्या. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात बुबुळापुढच्या पारदर्शक पटलाच्या गोलाईचे मोजमाप झाले, चौथ्या दिवशी पुन्हा झाले, आणि दोन दिवसांचे आकडे जुळेनात. कॉन्टॅक्ट लेन्समुळे या पटलाचा आकार किंचित बदललेला असतो आणि तो पूर्ववत होण्यास वेळ लागतो. डॉक्टरांनी सरळ सांगितले की, दोन आठवडे फक्त चष्मा वापरा, मगच मी डोळ्यात बसवायच्या कृत्रिम लेन्सचा नंबर काढेन. त्यांनी माझ्या घाईला मान दिला नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पण पहिला डोळा चौथ्या आठवड्यावर गेला आणि दुसऱ्यासाठी दिवसच उरले नाहीत.

डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर मुख्यतः दोन आकड्यांवर ठरतो: डोळ्याची लांबी आणि पटलाची गोलाई. प्रौढ माणसाच्या डोळ्याची लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते, आणि ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर शस्त्रक्रियेनंतरच्या नंबरात अडीच ते तीन डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचे एकक) फरक पडू शकतो. गोलाईतली एका डायॉप्टरची चूकही जवळपास तेवढीच, म्हणजे सुमारे एका डायॉप्टरची, नंबरात उतरते. म्हणून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मोजमापाच्या किमान एक ते दोन आठवडे आधी आणि कडक प्रकारच्या तीन-चार आठवडे आधी बंद कराव्यात. नेमके दिवस आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारून ठरवावेत. वातानुकूलित कार्यालयात दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांचे डोळे कोरडे झालेले असतात आणि कोरडेपणानेही मोजमाप चुकते, तेव्हा त्यावरचे उपचार तिकडेच सुरू करून यावे.

निघण्यापूर्वी कोणते कागद गोळा करावेत

सोलापुरातील डॉक्टरांशी निघण्याआधी महिनाभर संपर्क साधून जुने अहवाल पाठवावेत. व्हिडिओ कॉलवर मोतीबिंदूची प्रत ठरवता येत नाही, त्यासाठी स्लिट लॅम्पखालीच, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखालीच, तो तपासावा लागतो. परंतु आपल्या बाबतीत काय अवघड आहे, हे त्यांना आधी कळते. गेल्या दोन-तीन वर्षांतील चष्म्याचे नंबर, डोळ्याच्या पडद्याचा ओसीटी (पडद्याच्या थरांचे चित्र) अहवाल असल्यास तो, मधुमेह असल्यास अलीकडचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), आणि नेहमीच्या औषधांची मूळ (जेनेरिक) नावांसह यादी द्यावी.

ज्यांनी तरुणपणी चष्मा घालवण्यासाठी लॅसिक करून घेतले आहे, त्यांनी त्या वेळचे कागद हरवले असले, तरी ही गोष्ट आवर्जून सांगावी. लॅसिकने पटलाचा आकार बदललेला असतो, नेहमीचे सूत्र तिथे चुकते आणि वेगळे सूत्र लावावे लागते. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषांनीही ते लपवू नये. या औषधाने बुबुळ शस्त्रक्रियेच्या वेळी ढिले पडते आणि बाहुली मध्येच आकसते. गोळी काही दिवस आधी बंद केली, तरी हा परिणाम पूर्ण जात नाही, पण आधी माहीत असेल तर शल्यचिकित्सक त्याची तयारी ठेवतात. लघवीच्या तक्रारीचा डोळ्याशी काय संबंध, असे वाटून अनेक जण ते बोलत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. या शस्त्रक्रियेसाठी त्या बहुतेक वेळा चालूच ठेवल्या जातात.

फोनवर आपणही चार प्रश्न विचारावेत. डोळ्याची लांबी प्रकाशाच्या यंत्राने मोजतात की ध्वनिलहरींच्या ए-स्कॅनने? मोतीबिंदू फार दाट असेल, तर प्रकाश आत पोहोचत नाही आणि ए-स्कॅनच करावे लागते, परंतु इतर वेळी प्रकाशाचे यंत्र अधिक अचूक असते. शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार? रात्री-अपरात्री त्रास झाला, तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? पडद्याचे तज्ज्ञ सोलापुरातच उपलब्ध होतील की पुण्याला किंवा हैदराबादला जावे लागेल? पुणे अडीचशे किलोमीटर आणि हैदराबाद तीनशेच्या आसपास. हे आधी ठाऊक असले, म्हणजे ऐन वेळी घरच्यांची तारांबळ उडत नाही.

‘पिकू द्या’ हा सल्ला

घरातील वडीलधारी माणसे अजूनही सांगतात की मोतीबिंदू पिकला म्हणजेच काढावा. पूर्वी ते खरे होते. आजच्या फेको पद्धतीत, जी अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली, अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून ध्वनिलहरींनी गढूळ भिंग फोडून शोषून घेतात. भिंग जितके कडक, तितकी ऊर्जा जास्त लागते आणि पटलाला सूज येण्याची शक्यता वाढते. उलट मोतीबिंदू दिसला म्हणून लगेच काढलाच पाहिजे, असेही नाही. रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले, चष्मा बदलूनही वाचन जमेना, कामात अडथळा येऊ लागला, म्हणजे वेळ झाली असे समजावे. परदेशात राहणाऱ्याने यात एक गोष्ट अधिक धरावी: पुढची मोठी सुट्टी कधी आहे? ती दोन वर्षांनी असेल, तर आजचा किरकोळ त्रास तोवर किरकोळ राहीलच असे नाही.

लेन्स निवडताना आपला दिवस डोळ्यांसमोर आणावा

लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांचे डोळे तपासताना पाहिले की, विमानाच्या छताच्या पर्स्पेक्सचे कण डोळ्यात रुतूनही डोळा त्यांना विरोध करत नाही. त्या निरीक्षणातून त्यांनी १९४९ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली. त्याआधी मोतीबिंदू काढलेल्या माणसाला बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा लागत असे. माझ्या आजीचा तसा चष्मा मला अजून आठवतो. आज प्रश्न लेन्स मिळण्याचा नसून तीन-चार प्रकारांतून एक निवडण्याचा आहे, आणि हा निर्णय रुग्णालयाच्या काउंटरवर दरपत्रक पाहून घेऊ नये.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. बहुतेक जण दूरचे निवडतात आणि वाचायला चष्मा लावतात. टॉरिक लेन्स तिरप्या नंबराची, म्हणजे सिलिंडरची, दुरुस्ती करते. मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्सने दूरचे आणि जवळचे दोन्ही बऱ्याच अंशी चष्म्याविना दिसते, मात्र रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि अंधुक प्रकाशात अक्षरांचा उठाव कमी होतो. पडद्याला मधुमेहाचा त्रास असलेल्यांना आणि रात्री लांबवर गाडी चालवणाऱ्यांना ही लेन्स सहसा सुचवत नाहीत. या दोहोंच्या मधली, दूरचे व हाताच्या अंतरावरचे दाखवणारी ईडॉफ लेन्सही असते. महाग ती चांगली, असा नियम येथे लागू पडत नाही.

म्हणून डॉक्टरांना आपला दिवस सांगावा. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या कामगाराला हातभर अंतरावरचे बारीक दिसायला हवे. ट्रकचालकाला रात्रीचा रस्ता हवा. पोथी घेऊन वाचायला बसणाऱ्या आजींना जवळचे हवे. उणे नंबर असलेल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आम्ही जन्मभर चष्मा काढून, वस्तू नाकाशी धरून वाचत आलेलो असतो. लेन्स दूरच्या नंबरावर बसवली की ती सवय संपते; सुईत दोरा ओवताना, औषधाच्या बाटलीवरील तारीख वाचताना हात आपोआप चष्मा काढायला जातो आणि काहीच दिसत नाही. मी वर्ग आणि रात्रीची गाडी यांचा विचार करून दूरची मोनोफोकल निवडली, वाचनाचा चष्मा स्वीकारला आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. पण ही अदलाबदल मला आधी नीट समजावून सांगितली गेली होती, म्हणूनच ती जड गेली नाही.

दोन डोळ्यांमध्ये मोठे अंतर पडणार असेल, तर मधल्या काळाचाही विचार करावा. माझा एक डोळा शून्यावर आणि दुसरा उणे सहावर होता. एवढा फरक चष्म्याने भरून काढता येत नाही, कारण दोन डोळ्यांना एकच वस्तू लहान-मोठी दिसते आणि डोके गरगरते. दहा महिने मी न झालेल्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घातली, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या मोजमापाआधीचे दोन आठवडे तीही बंद ठेवून एकाच डोळ्यावर काढले.

पैसे आणि विमा

भारतातील आरोग्य विम्यात मोतीबिंदूसाठी सामान्यतः दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो आणि अनेक पॉलिसींत प्रत्येक डोळ्यामागे खर्चाची वेगळी मर्यादा असते, त्यामुळे येण्यापूर्वी दोन महिने पॉलिसी घेऊन उपयोग होत नाही. नोकरीच्या देशातील विमा भारतातील उपचारांना लागू आहे का, पूर्वपरवानगी लागते का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्यावे. मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड आणि लेन्सच्या खोक्यावरील स्टिकर जपून ठेवावे. दोन्ही डोळ्यांचा खर्च मोठा असेल, तर एक लक्षात असू द्यावे की दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

घरची तयारी आणि थेंब

मुंबईत उतरून रात्रभर थंडगार डब्यातून आल्यावर घसा धरतो आणि खोकला लागतो. शस्त्रक्रियेच्या वेळी वीस-पंचवीस मिनिटे पाठीवर स्थिर पडून राहायचे असते, आणि खोकल्याची एक उबळ घातक ठरू शकते. खोकला असेल, तर तो सांगावा आणि तारीख पुढे न्यावी. त्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून जावे, कारण पुढे काही दिवस ती करता येणार नाही. काजळ, पावडर, अत्तर काही लावू नये. सकाळी काय खावे आणि मधुमेहाची गोळी घ्यावी की नाही, हे रुग्णालय सांगेल तसे करावे. आत नेण्यापूर्वी कोणत्या डोळ्यावर खूण केली आहे, ते पाहावे आणि आपल्या तोंडाने सांगावे.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि टाकीत, पिंपात साठवलेले तेच पाणी आपण वापरतो. या पाण्याचा थेंबही डोळ्यात जाता कामा नये. चेहरा ओल्या स्वच्छ कापडाने पुसावा. चटणीच्या शेंगदाण्यांचा आणि मिरच्यांचा ठसका, चुलीचा धूर, यंत्रमागाशेजारची कापसाची उडती लव यांपासून दूर खोली निवडावी. माझ्या वहिनीने आठवडाभर फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचे दार बंद ठेवले होते.

थेंब कोण घालणार, हे आधीच ठरवावे. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, बाटली हलवावी, कारण काही स्टेरॉइड थेंबांत औषध तळाशी बसते. मान मागे टाकून खालची पापणी अलगद ओढावी आणि तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा; बाटलीचे टोक पापणीला किंवा केसांना लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाकडील कोपरा बोटाने हलकेच दाबून एक-दोन मिनिटे बसावे. दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटे जाऊ द्यावीत. माझ्या आईने पलंगाशेजारच्या कॅलेंडरवर प्रत्येक वेळेपुढे टिंब काढण्याची पद्धत ठेवली होती, आणि दिवसातून सहा वेळांचे चार, चाराचे तीन होत गेले तरी गोंधळ झाला नाही. रात्री झोपताना प्लास्टिकचे शिल्ड चिकटवावे, म्हणजे झोपेत डोळा चोळला जात नाही.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा वहिनीने पुढे केलेला सोलापुरी टॉवेल मी आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहिला. जुन्या डोळ्याला तो जुन्या कागदासारखा पिवळट दिसत होता, नव्या डोळ्याला निळसर पांढरा. असा फरक दिसला, तर घाबरू नये. पिवळे पडलेले भिंग निघाल्यामुळे तो दिसतो. थोडे खुपणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे हेही पहिल्या दिवसांत होते. मात्र वाढत जाणारे दुखणे, वाढती लाली, नजर पुन्हा गढूळ होणे, यांपैकी काहीही जाणवले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. जंतुसंसर्ग हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो, पण त्यात काही तासांच्या विलंबानेही नजर जाऊ शकते. डोळ्यापुढे विजा चमकणे, अचानक खूप काळे ठिपके तरंगणे किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे ही पडदा सुटल्याची लक्षणे असू शकतात, आणि मोठा उणे नंबर असलेल्यांनी ती परत गेल्यावरही कायम ध्यानात ठेवावीत.

परतीचा प्रवास

गुंतागुंत न झालेल्या शस्त्रक्रियेनंतर विमानातील हवेच्या दाबाने डोळ्याला इजा होत नाही. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तरच विमानप्रवासाला सक्त मनाई असते. विमानातील कोरडी हवा मात्र त्रास देते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले अश्रूंचे थेंब आणि चालू औषधे हातातल्या पिशवीतच, मूळ खोक्यांसह व चिठ्ठीसह ठेवावीत. तेथील वेळ वेगळी असली, तर थेंबांच्या वेळा नव्या घड्याळाला जोडून घ्याव्यात. डिस्चार्ज कार्डावर औषधांची मूळ नावे, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि डोळ्यातील दाबाचे आकडे इंग्रजीत लिहून घ्यावेत, म्हणजे तिकडच्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

लेन्सचा प्रकार, नंबर आणि अनुक्रमांक लिहिलेले छोटे कार्ड पासपोर्टच्या पाकिटात कायम ठेवावे आणि त्याचा फोटो घरच्यांकडेही असू द्यावा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नजर पुन्हा धूसर होऊ लागली, तर मोतीबिंदू परत आला असे समजू नये. बहुधा लेन्समागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते, आणि याग लेसरने ती काही मिनिटांत मोकळी करता येते. त्यासाठी सोलापूरला येण्याची वाट पाहायची गरज नाही, ते काम आपण राहता तेथेच करून घ्यावे.